'माझ्याच वाट्याला का?' : या प्रश्नावर ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते आणि काय सांगत नाही

ठाण्यात कुठल्याही सोसायटीत एखाद्या सरळ माणसाच्या घरी अघटित घडलं की लिफ्टमध्ये दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "किती चांगला माणूस हो," हे पहिलं. "चांगल्यांच्याच वाट्याला का येतं हे?" हे दुसरं. इथवर सगळ्या धर्मांची घरं सारखीच. पुढे मात्र वाटा फुटतात. शेजारच्या काकू सुस्कारा टाकून म्हणतात, "मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असेल." ख्रिस्ती घरात हे वाक्य म्हणता येत नाही. आमच्या श्रद्धेत जन्म एकच, त्यामुळे मागचं खातं उघडायचा प्रश्नच येत नाही. वर आम्ही दर रविवारी म्हणतो की देव एकच आहे, सर्वसमर्थ आहे आणि बापासारखा प्रेमळ आहे. मग खारघरच्या कॅन्सर हॉस्पिटलात चार वर्षांच्या पोराच्या हाताला सलाइन लागलेलं असतं, तेव्हा हा सर्वसमर्थ आणि प्रेमळ बाप काय करत असतो?

कर्माच्या विचारात निदान हिशेब लागतो. ख्रिस्ती माणसाचा लागत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मात्र ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नाशी दोन हजार वर्षं झटते आहे. त्या झटापटीत काही उत्तरं तिने साफ नाकारली, काही अर्धीमुर्धी स्वीकारली. दुःखात असलेल्या माणसाशी कसं वागायचं, याबद्दल मात्र ती बऱ्यापैकी स्पष्ट बोलते. गंमत अशी की हा शेवटचा भाग आम्ही ख्रिस्ती लोकच सगळ्यात जास्त विसरतो.

पेच तत्त्वज्ञांच्या भाषेत असा मांडतात. देवाला दुःख थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो सर्वसमर्थ नाही. जमतं पण थांबवायचं नाही, तर तो चांगला नाही. जमतंही आणि मनातही आहे, तर मग दुःख आलं कुठून? एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिस्ताच्या तीनएकशे वर्षं आधीचा, त्याच्या नावावर हा पेच सांगितला जातो. याला पुरून उरणारं उत्तर मी अजून कुठल्या धर्मपंडिताकडून ऐकलेलं नाही.

पाप कोणाचं?

आधी जे उत्तर नाकारलं गेलं ते पाहू, कारण ते आजही सगळ्यात जास्त चालतं.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांना शुभवर्तमान म्हणतात. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, येशू आणि त्याचे शिष्य वाटेने चालले आहेत. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? म्हणजे कोणीतरी केलंय हे त्यांनी धरूनच टाकलं आहे, फक्त नाव हवंय. येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे आहे. या शेवटच्या वाक्यावर लोक अडखळतात. देवाने चमत्कार दाखवण्यासाठी एका बाळाला आंधळं करून ठेवलं की काय? मी ते वाक्य तसं वाचत नाही. शिष्यांची नजर मागे आहे, गुन्हेगार शोधते आहे. येशूची नजर आता काय करता येईल याकडे आहे. लगेच पुढे तो जमिनीवर थुंकतो, चिखल कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये.

याच शिलोहाचा दुसरा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. तिथे एक बुरूज कोसळून अठरा जण दगावले होते. येशू विचारतो, ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच म्हणतो, नाही. लगेच पुढे तो ऐकणाऱ्यांनाच सुनावतो की पश्चात्ताप करा. दुसऱ्याच्या मरणावर निकाल देत बसू नका, स्वतःकडे बघा, असा त्याचा रोख आहे.

ठाणेकराला हा बुरूज परका वाटायचं कारण नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर लोक राहायला आणले होते, त्यात लहान मुलंही होती. ते ७४ जण घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांपेक्षा जास्त पापी होते का? प्रश्न विचारतानाच लाज वाटते.

इथे थोडं थांबतो, कारण याच ठिकाणी "देवाची इच्छा" हा शब्दप्रयोग फार स्वस्तात वापरला जातो. त्या ७४ जणांबाबतचा 'का' पुष्कळसा इथल्या इथेच सुटतो. परवानगी नसताना मजल्यावर मजले चढले, कोणीतरी ते चढू दिले, आणि पुढे बिल्डरांबरोबर पालिकेतल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. अशा वेळी देवाच्या इच्छेचं पांघरूण घालणं म्हणजे खऱ्या दोषींना मोकळं सोडणं. बायबलमधले संदेष्टे याबाबतीत फार कडक आहेत. खोटी मापं वापरणाऱ्या, गरिबाला चिरडणाऱ्या लोकांना आमोस नावं ठेवतो तेव्हा तो गरिबांना "सोसा, देवाची मर्जी" असं कुठेही सांगत नाही. चांगल्या माणसांच्या दुःखाचा बराच मोठा वाटा दुसऱ्या माणसांनी केलेला असतो, आणि तो देवाच्या नावावर टाकायचा नसतो.

अर्थात बायबलमध्ये दुसरा सूरही आहे. नीतिसूत्रांचं पुस्तक उघडलं की पानोपानी सापडतं : कष्ट करणारा सुखी, आळशी उपाशी; नीतिमानाचं भलं, दुष्टाचा नाश. साधारणपणे ते खरंही आहे, दारू सोडली की घर सावरतं. पण 'साधारणपणे' हा शब्द गळला की त्याच वचनाचा दगड होतो. तो दगड कसा फेकला जातो हे दाखवायला बायबलने बेचाळीस अध्यायांचं एक अख्खं पुस्तक खर्ची घातलं आहे.

ईयोब आणि त्याला भेटायला आलेले

ईयोब ऊस देशातला. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरं, तीन हजार उंट. माणूस निर्दोष, हे पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकलं आहे, म्हणजे वाचकाने शंका काढत बसू नये. एका दिवसात गुरंढोरं जातात, मग घर पडून दहाही लेकरं जातात, आणि पुढे अंगभर गळवं येतात. स्वर्गात सैतानाने देवाशी पैज लावली आहे हे वाचकाला माहीत असतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. पुस्तक संपतं तरी त्याला कोणी सांगत नाही.

तीन मित्र लांबून भेटायला येतात : अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्याची अवस्था बघून ते मोठ्याने रडतात, अंगावरची वस्त्रं फाडतात आणि त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. सात दिवस आणि सात रात्री. एक शब्द बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं.

मग ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं. अलीफज सौम्यपणे सुरुवात करतो : निरपराध माणूस कधी नाश पावलाय का, आठवून बघ. बिल्दद थेट मुलांवर घसरतो : तुझ्या मुलांनी पाप केलं असेल. सोफर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानाने देवाने कमीच शिक्षा केली आहे. तिघेही धार्मिक, तिघांचीही वचनं पाठ. एकेकटं वाक्य काढून भिंतीवर लावलं तर कुठल्याही प्रार्थनामंदिरात शोभेल. ईयोब वैतागून म्हणतो, तुम्ही सगळे त्रासदायक सांत्वनकर्ते आहात. पुढे अलीहू नावाचा एक तरुण मध्येच घुसतो आणि एकटाच सहा अध्याय बोलतो. देव त्याची दखलही घेत नाही. सांत्वनाला जमलेल्या प्रत्येक घोळक्यात एक अलीहू असतोच.

ईयोब मात्र गप्प बसत नाही. जन्मलो तो दिवस जळो म्हणतो. देवाने माझ्यावर नेम धरलाय म्हणतो. देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. ईयोबाच्या सहनशीलतेचे गोडवे गाणाऱ्यांनी पहिले दोन अध्याय वाचून पुस्तक मिटलेलं असतं.

शेवटी देव वावटळीतून बोलतो, आणि ते बोलणं विचित्र आहे. एकाही 'का'ला उत्तर नाही. उलट प्रश्नच : मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात ते तुला माहीत आहे? घोड्याला बळ तू दिलंस? मला हे उत्तर आजही थोडं टाळाटाळीचं वाटतं. हे विश्व तुझ्या सुखदुःखाभोवती फिरत नाही, तुला दिसतं त्यापेक्षा ते अफाट आहे, एवढा अर्थ त्यातून काढता येतो. ज्याची दहा मुलं गेली त्याला तो कितपत पुरेल, कोण जाणे. ईयोबाला मात्र पुरला. त्याला कारण मिळालं नाही, पण ज्याच्याशी भांडत होता तो समोर येऊन बोलला.

पण माझ्या मते या पुस्तकाची खरी चावी बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या ओळीत आहे. देव अलीफजला म्हणतो : माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले, आणि देवावर ओरडणारा बरोबर ठरला! हे एका धर्मग्रंथातच लिहिलेलं आहे.

अजून एक बारीक गोष्ट. शेवटी ईयोबाची गुरंढोरं दुपटीने परत मिळतात : चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. नवी दहा झाली म्हणून आधीच्या दहांची भरपाई झाली, असं तिथे म्हटलेलं नाही.

ही तक्रार करायची मुभा एकट्या ईयोबाला नव्हती. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांची. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी आशेवर येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही, ते अंधारातच संपतं. प्रार्थनेच्या पुस्तकात ते तसंच ठेवलं गेलं, कोणी शेवट गोड केला नाही. ज्या बाईला आज प्रार्थनेत फक्त ओरडता येतंय तिच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पंडितांची उत्तरं, थोडक्यात

पुढच्या शतकांत ख्रिस्ती विचारवंतांनी पेच सोडवायचे प्रयत्न केले. ऑगस्टिन (३५४ ते ४३०) म्हणाला, वाईट ही देवाने बनवलेली वस्तूच नव्हे. प्रकाश नसणं म्हणजे अंधार, तसं चांगल्याचं नसणं म्हणजे वाईट. आणि ते जगात आलं ते माणसाला दिलेल्या निवडीच्या स्वातंत्र्यातून. हे उत्तर लकी कंपाउंडला लागू पडतं, ल्युकेमियाला पडत नाही. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याच्या विचारातून दुसरी वाट निघाली : माणूस घडवून तयार केलेला नाही, तो घडतो आहे, आणि घडण्यात दुःखाचाही हात असतो. यातही तथ्य आहे, दुःखाने समंजस झालेली माणसं आपण पाहतो. मोडून गेलेलीही पाहतो. आणि तीन वर्षांचं मूल दुःखातून काय शिकतं, यावर या विचाराकडे काही नाही.

निसर्गनियमांचं उत्तर मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. जग नियमाने चालतं म्हणून तर ते राहण्याजोगं आहे. पेशींचं विभाजन होतं म्हणून बाळ वाढतं, आणि त्याच विभाजनाची गाडी रुळावरून घसरली की गाठ होते. देवाने प्रत्येक वेळी हात घातला तर नियम उरणार नाही. पण मग नेमका हा हात कधी पडतो आणि कधी नाही, हा प्रश्न उरतोच. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात भूकंप झाला. चर्चं भरलेली होती, त्यातली बरीच भाविकांवर कोसळली. "हे जग शक्य तितकं उत्तम आहे" असं मांडणाऱ्या युरोपातल्या विद्वानांना त्यानंतर पूर्वीच्या ठसक्यात बोलता आलं नाही.

इथे एक भेदही करायला हवा. श्रद्धेपायी ओढवून घेतलेलं दुःख वेगळं आणि विनाकारण कोसळलेलं वेगळं. ठाण्यालाच याचा जुना दाखला आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाचे चार धर्मबंधू इथे मारले गेले : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्यासोबतचा डेमेट्रियस. जॉर्डनस नावाच्या, डोमिनिकन या दुसऱ्या संघातल्या त्यांच्या सोबत्याने त्यांचे देह नेऊन सोपाऱ्याला पुरले. तलावपाळीजवळच्या चर्चवरून रोज जाणाऱ्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनाही हे ठाऊक नसतं. त्या चौघांना आपण कशासाठी मरतो आहोत हे माहीत होतं. डायलिसिसच्या रांगेतल्या माणसाला माहीत नसतं. हुतात्म्यांची उदाहरणं देऊन त्याला "तूही आपला क्रूस उचल" म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं.

क्रूसाजवळ

वरची सगळी उत्तरं देव असलेल्या कुठल्याही धर्मात थोड्याफार फरकाने सापडतील. खास ख्रिस्ती म्हणावं असं जे आहे ते उत्तर नव्हे, ती एक घटना आहे. ज्याला आम्ही देवाचा पुत्र मानतो तो स्वतः निरपराध असून हालहाल होऊन मेला.

आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो तोंडावर पडून प्रार्थना करतो : शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जाऊ दे. मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. क्रूसावर तो ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. म्हणजे 'का' हा प्रश्न खुद्द येशूने विचारला, आणि त्या क्षणी वरून काही उत्तर आलं असं शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे, त्यावाचून बाकी सगळं पोकळ. पण क्रूसावरच्या मरणाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार आहे. बहुतेक शोकाकुल घरं त्या शनिवारात असतात, आणि त्यांना खेचून रविवारात आणायची घाई आम्हाला फार असते.

हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलं की मदत करू शकतो तो दुःख भोगणारा देवच. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं गेलं. लांब बसून सूत्रं हलवणाऱ्या देवावर त्या कोठडीत विश्वास ठेवणं त्याला शक्य नव्हतं. आत येऊन सोबत बसणाऱ्यावर होतं.

लाजरसाची गोष्ट मला याच कारणाने जवळची वाटते. बेथानी गावात येशूचा मित्र लाजरस आजारी पडतो, बहिणी येशूला निरोप धाडतात, आणि तो मुद्दाम दोन दिवस उशिरा निघतो. पोचतो तेव्हा लाजरसाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था सामोरी येते आणि तोंडावर म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग दुसरी बहीण मरीया येते आणि शब्दाशब्दाने तेच म्हणते. दोघी घरात आपसात हेच बोलल्या असणार. मार्थाशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला रडताना पाहून मात्र काही समजावत नाही. तो रडतो. थोड्याच वेळात आपण लाजरसाला उठवणार हे त्याला माहीत आहे, तरीही रडतो.

म्हणून "रडू नका, ते प्रभूच्या घरी गेले, आनंद करा" हे वाक्य कितीही श्रद्धेचं वाटलं तरी येशूच्या वागण्याशी जुळत नाही. ज्याला शेवट ठाऊक होता त्यालाही रडू आवरलं नाही, मग आम्ही कोण टिकोजीराव लागून गेलो?

सांत्वनाच्या नावाखाली

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं निधन झालं की संध्याकाळी घरी प्रार्थनेला जमतात. जिन्यात चपलांचा ढीग, बाहेर मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत पेटी-तबल्यावर संथ लयीत गीत, मग पाळकसाहेबांचा संदेश. यात आधार असतोच. अडचण होते ती नंतर, चहाच्या वेळी. रविवारची शाळा घेणारा एक चाळिशीतला माणूस किडनीच्या आजाराने गेला, तेव्हा कळव्याला त्याच्या घरी मी बसलो होतो. अर्ध्या तासात त्याच्या बायकोला ऐकवलं गेलं : देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. देव झेपेल तेवढंच देतो. सर्व गोष्टी मिळून कल्याणच करतात. एक बाई तर म्हणाली, विश्वासाने मागितलं असतं तर बरे झाले असते.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात विषारी. बायबलमधली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलापेक्षा जास्त विश्वास कोणाचा काढणार? त्याच्या देहात एक 'काटा' होता; काय होतं ते त्याने लिहिलेलं नाही. तो काढ म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा गेला नाही. मिळालं ते एवढंच, की माझी कृपा तुला पुरे आहे. बरं होणं हा विश्वासाचा पगार असता तर पौलाचा पगार थकला म्हणायचं.

"झेपेल तेवढंच देतो" हे बायबलमध्ये नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, ज्यावरून हे म्हणतात ते वचन मोहाच्या परीक्षेबद्दल आहे. दुःखाबद्दल उलट दुसऱ्या पत्रात पौल कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, जगण्याचीही आशा सुटली होती. "सर्व गोष्टी मिळून कल्याण" हे पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातलं, आणि ते खरं आहे असं मी मानतो. पण त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, सगळी सृष्टी प्रसूतीच्या कळा दिल्यासारखी कण्हते आहे आणि आम्हीही कण्हतो आहोत असं लिहिलंय. कण्हणं गाळून उरलेलं वचन तापाच्या गोळीसारखं वाटत सुटणं हा वचनाचाही अपमान आहे. शिवाय ते वचन दुःखी माणसाने स्वतःबद्दल म्हणायचं असतं. त्याला दुसऱ्याने ऐकवायचं नसतं.

त्या घरी एक म्हातारी मावशी आली होती. वहिनींच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कोणीतरी आणून ठेवलेल्या मेथीच्या दोन जुड्या सोडल्या, पेपर पसरला आणि निवडत बसली. मग कणीक मळली. शेजारी शाळेतून आलेला धाकटा पोरगा येऊन बसला, त्याला तिने मेथीच्या काड्या वेगळ्या करायला लावलं. दोघं काही बोलत नव्हते. रात्री त्या घरात जेवण झालं ते तिच्यामुळे. रोमकरांच्या पत्राच्या बाराव्या अध्यायात "शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" एवढीच आज्ञा आहे. त्यांना समजावा असं तिथे लिहिलेलं नाही.

मराठी माणसाला याचं सगळ्यात मोठं उदाहरण लांब शोधायला नको. पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे, वेदविद्येत आयुष्य घालवलेले. तीर्थयात्रा, व्रतं, पुराणकथन यात कुटुंब फिरत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण, तिघंही उपासमारीने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मुलगी. 'चांगल्यांच्या वाट्याला का' हा प्रश्न विचारायचा हक्क कोणाला असेल तर तो हिला. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. स्वकीयांनी टाकलं, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. रमाबाई पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये गेल्या.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्या पोरींच्या पोटात काय चाललंय हे सांगायला त्यांना कोणी लागत नव्हतं. पौल देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हणतो आणि पुढे लिहितो की आमचं सांत्वन तो अशासाठी करतो की आम्हालाही संकटात असलेल्यांचं करता यावं. आई-वडील त्या मुलींसाठी मेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं क्रूर होईल. पण त्या उपासमारीतून जे कळलं ते रमाबाईंनी वाया जाऊ दिलं नाही.

शेजाऱ्यांसाठी थोडं

वर्तकनगरला काय किंवा नेरुळला काय, ख्रिस्ती शेजाऱ्याकडे असा प्रसंग आला की बाकीच्यांना संकोच होतो. जावं का, काय बोलावं, काय चालतं. खुशाल जावं. प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहावं, डोळे मिटायचे की नाही हा तुमचा प्रश्न. पांढरी फुलं चालतात. माणूस आजारी असताना गेलात आणि फादर आले, तर ते त्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून प्रार्थना करतील. कॅथलिक घरांतला हा जुना संस्कार याकोबाच्या पत्रातल्या सूचनेवरून आलेला आहे. तो शेवटच्या घटकेचाच असतो असा समज आमच्या लोकांतही आहे, तो चुकीचा. गंभीर आजार किंवा मोठं ऑपरेशन असलं तरी तो देतात.

"का हो असं झालं?" असं कोणी तुम्हालाच विचारलं तर "मला नाही माहीत" म्हणायला काही हरकत नाही. पाळकसाहेबांनाही माहीत नसतं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं, नाव टाळू नये. त्याची एखादी गमतीची आठवण असेल तर सांगावी. मृत्यूचा दाखला, बँकेतलं नॉमिनेशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गॅसचं नाव बदलणं ही कामं महिनाभर पुरतात, आणि त्यात कोणी बरोबर आलं तर बाईला ते दहा वचनांपेक्षा जास्त लागतं.

गर्दी पहिल्या आठवड्यात होते. कॅथलिक घरांत महिन्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होतो, २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात, तेव्हा लोक पुन्हा भेटतात. खरा अवघड असतो तो पहिला नाताळ. सुतकाची कल्पना आमच्या श्रद्धेत नाही, पण वर्षभर मोठा सण न करण्याची रीत पुष्कळ घरं पाळतात. दारावर तारा लागत नाही, करंज्या तळल्या जात नाहीत, आणि ज्यांच्याकडे दरवर्षी ताटं जायची ते शेजारीही विचार करतात की या वर्षी जावं की नको. त्या वर्षी दिवाळीला तुमच्याकडून फराळाचा डबा गेला तर तो घेतला जातो, आणि नाताळच्या संध्याकाळी बेल वाजवली तर दारही उघडलं जातं.